दिन्या, समनापूरची वही आहे का अजून?

नागपूर,
२१ जून

प्रिय दिन्या,

स. न. वि. वि. (हे लिहिलं की तू चिडतोस, म्हणून मुद्दाम.)

फोन केला नाही, कारण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. आणि व्हॉट्सअ‍ॅपवर एवढं लिहिलं तर एक अंगठा पाठवून मोकळा होशील. काकूंच्या वर्षश्राद्धाला आलो नाही, नंतर साधी चौकशीही केली नाही. ते सगळं माझ्या नावावर मांडून ठेव, भेटलास की वसूल कर. तब्येत ठीक. साखर आहे तिथेच आहे. गुडघ्याला डॉक्टर ‘झीज’ म्हणतात आणि गोळ्या देतात. सुमाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता तिला घरातली सगळी धूळ दिसते आणि दिसली की माझ्या नावाने हाक येते.

काम असं आहे की मला तुझी ती तपकिरी वही हवी आहे. समनापूरची. तिच्यात तू झाडांचे नंबर आणि प्रत्येकापुढे आपल्या दोघांची मतं लिहून ठेवायचास, तुझं निळ्या शाईत, माझं लाल. वहिनींनी रद्दीत घातली नसेल तर शोध. का हवी ते सांगतो. लांबेल, चहा घेऊन बस.

एका नगरपालिकेने रस्ता रुंद करायला काढला आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तू एस.टी.त एक चप्पल विसरून दुसरी हातात घेऊन उतरला होतास ते गाव. स्टँडपासून शाळेपर्यंत दोन्ही बाजूंना जुनी झाडं आहेत. कडुनिंब, चिंचा, दोन वड, शिरीष, आणि मधेमधे नंतर कोणीतरी लावलेले गुलमोहर. साठेक असतील. तिथल्या वृक्षप्रेमी मंडळींनी आरडाओरडा केला, तेव्हा नगरपालिका म्हणाली, ठीक, तज्ज्ञाला विचारू. आणि तज्ज्ञ म्हणजे अस्मादिक. रिटायर झाल्यावर माणूस आपोआप तज्ज्ञ होतो, तोपर्यंत तो नुसता नोकर असतो.

मी खुशीत गेलो. मोगरी (आपला लाकडी हातोडा) घेतली, टेप घेतला, जुन्या ओळखीवर रेझिस्टोग्राफही मिळवला. तू तो वापरला नाहीस, तुझ्यानंतर आला. बारीक सुई खोडात फिरत जाते आणि तिला किती जोर लागला त्याचा आलेख निघतो. भरीव लाकडात रेघ वर राहते, कुजक्यात धाडकन खाली येते. यंत्र चांगलं आहे, पण मी आधी मोगरीनेच ठोकून पाहतो. ‘टक्क’ आला की पुढे, ‘धब’ आला की थांब. यंत्राने मोगरीला खोटं पाडलं असं फार क्वचित झालं, आणि झालं तेव्हा मी यंत्राची बॅटरी तपासली. हस बे, हस.

तिथला बांधकाम विभागाचा पोरगा सभ्य आहे. सर, सर करतो, पाणी विचारतो. त्याने हातात छापील फॉर्म दिला. अनुक्रमांक, झाडाचं नाव, घेर, अंदाजे वय, आणि शेवटी स्थिती. स्थितीला दोन रकाने, निरोगी आणि रोगट. एकावर खूण करा, खाली सही करा. बास.

दिन्या, मी चाळीस वर्षं खाल्ली ती या दोन रकान्यांच्या मधल्या जागेत. तिथे रेघ मारून ठेवलेली आहे.

आता एकेक झाड ऐक, मग माझी पंचाईत कळेल. चिंच घे. शाळेच्या अलीकडे, प्रचंड, आणि आतून पोकळ. पोकळ म्हणजे आत दोन पोरं लपतील एवढी. नगरपालिकेने कधीकाळी मोठ्या प्रेमाने तिच्यात सिमेंट भरलं, वर गेरू-चुन्याचा पट्टा मारला. तिथे उभं राहून मला शिगो आठवला. आठवतं, त्याच्या झेरॉक्स आपण रात्रभर जागून वाचल्या होत्या? अमेरिकेच्या वनखात्यातला माणूस, चेनसॉ घेऊन हजारो झाडं उभी-आडवी चिरली आणि १९७७ साली मांडलं की झाडाची जखम आपल्यासारखी भरत नाही. झाड कुजका भाग चारी बाजूंनी भिंती घालून कोंडतं आणि बाहेरून नवं लाकूड चढवत जातं. त्यातली सगळ्यांत पक्की भिंत म्हणजे जखम झाली त्यानंतर घातलेली. आपण पोकळी खरवडून ‘साफ’ केली की नेमकी तीच फोडतो. आणि सिमेंट भरलं की आत ओल धरून राहते, झाड वाऱ्याने हललं की सिमेंट हलत नाही, कडा घासत बसतात. चिंचेने तरी सिमेंटच्या बाजूने इतकं लाकूड चढवलं आहे की मी थक्क झालो. सगळीकडून सुई घातली. आपण त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश भिंत भरीव असली तर धोका कमी धरतो. हिची त्याहून बरीच जास्त आहे. मधलं लाकूड तसंही मेलेलंच असतं, पाणी वर नेतं ते बाहेरचं. ही चिंच आपल्या दोघांना पोचवून उभी राहील.

फॉर्ममध्ये काय लिहू? पोकळ आहे, म्हणजे निरोगी नाही. तो पोरगा म्हणतो, “सर, तुम्हीच पोकळ म्हणता, मग रोगटच ना?” आणि रोगट असं तज्ज्ञाने लिहिलं की पुढचा कागद सरळ होतो. १९७५ च्या झाडांच्या कायद्यात परवानगी द्यायची कारणं आहेत, त्यात मेलेलं, रोगट, धोकादायक हे सगळं आलंच. २०२१ साली दुरुस्ती झाली, ५० वर्षांवरचं झाड हेरिटेज ठरलं, तोडलं तर त्याच्या वयाइतकी रोपं लावा म्हणाले. त्यामुळे आता ‘रोगट’ या शब्दाला भाव आला आहे.

कडुनिंबांची कथा तर विचारूच नको. नगरपालिकेच्या आधीच्या यादीत निम्मे कडुनिंब रोगट, का तर शेंडे करपलेले. अरे, शेंडेमर! फोमॉप्सिस ही बुरशी, आणि जोडीला रस शोषणारे ढेकूण. २०२१ मध्ये तेलंगणात कडुनिंब असेच वाळले तेव्हा लोक घाबरून फोन करत होते, कडुनिंबच नष्ट होणार म्हणून. पुढे बहुतेकांना पुन्हा पालवी फुटली. सप्टेंबरात सागाची पानं जाळीदार होतात तेव्हा दरवर्षी नवा वार्ताहर फोन करतो, ‘जंगल जळालं का?’ मी म्हणतो, नाही बाबा, अळी जेवली, पुन्हा पालवी येईल, तू पण जेव.

इथपर्यंत सोपं होतं. सगळ्यांना निरोगी लिहून टाकलं असतं, वृक्षप्रेमींनी हार घातला असता, गावी परत आलो असतो. पण शाळेच्या फाटकासमोरचा गुलमोहर.

दिन्या, असा फुललेला गुलमोहर मी यंदा दुसरा पाहिला नाही. पान दिसत नाही इतका लाल. खाली एक सायकलवाला बसतो. त्याच्या बाकड्यावर बारीक तपकिरी भुकटी बसलेली, तो फडक्याने पुसत होता. म्हणाला, “रस्त्याची धूळ हाय जी, दिसातून तीनदा पुसतो.” मी वाकून बुंध्यामागे पाहिलं. गॅनोडर्मा, लाकूड कुजवणारी बुरशी. तळहाताएवढे पंखे एकावर एक, नुकतं लाखेचं पॉलिश केल्यासारखे चकाकणारे, कडेला पांढरी वाढती किनार. त्याची धूळ म्हणजे बीजाणू. पाच वर्षांपूर्वी गटारासाठी नाली खणली तेव्हा रस्त्याच्या बाजूची सगळी मुळं कापली, मग उरलेल्या मातीवर काँक्रीट ओतलं. बुरशीला दार उघडून दिलं आणि झाडाचा श्वास कोंडला. मोगरी मारली तर तीन बाजूंनी ‘धब’. सुई घातली, रेघ खाली आली ती वर आलीच नाही. एका मुळाजवळ माती हाताने उकरली, मूळ बोटांनी तुटलं, ओलं, पांढरट, तंतू तंतू. वर फुलांचा डोंगर आणि खाली धरायला काही नाही.

आपल्याकडच्या शाळा महिनाअखेरीला उघडतात. पाऊस यायचा आहे.

मी तिथल्या तिथे म्हणालो, हे झाड शाळा उघडायच्या आत उतरवा. तर बांधकामवाला पोरगा खूश, वृक्षप्रेमी काळवंडले. त्यांच्यातल्या एक बाई, निवृत्त शिक्षिका, गेल्या राखीपौर्णिमेला त्या गुलमोहराला राखी बांधून आलेल्या. मला बाजूला घेऊन म्हणाल्या, “सर, एक झाड तुम्ही रोगट म्हणालात ना, की त्याच कागदावर बाकीचीही जातील. तुम्ही दोन दिवसांसाठी आला आहात, आम्हाला इथे राहायचं आहे.” आणि अबे, बाई चुकीचं बोलत नव्हत्या! संध्याकाळी पोराचा फोन: सर, गुलमोहर तुम्ही लिहून देताच आहात, तर चिंच आणि त्या आठ-दहा कडुनिंबांचंही त्याच यादीत घेऊ का, म्हणजे एकच ठराव होईल.

आता आली ना समनापूरची आठवण?

मला तर रात्रभर तेच दिसत होतं. १९९८ चा हिवाळा, मध्य प्रदेशातलं समनापूर, डिंडोरीचं ते रेस्ट हाऊस, खिडकीला काच नाही, आणि प्रत्येक साल वृक्षाच्या बुंध्याशी पोखरलेल्या लाकडाच्या भुशाचा ढीग. सकाळी चालताना पायाखाली मऊ लागायचा. किडा एक, होप्लोसेरॅम्बिक्स स्पिनिकॉर्निस, ज्याचं नाव नीट म्हणता येईना म्हणून मंत्र्याने ‘वो कीड़ा’ म्हणून अख्खी बैठक काढली. आणि झाडं लाखोंनी. त्याच मंडला-बालाघाटच्या पट्ट्यात १९२३ ते २८ मध्ये सत्तरेक लाख साल मेले होते, ते आकडे रेंजरसाहेब रोज रात्री असे सांगायचे की स्वतः मोजले असावेत. पहिला पाऊस पडला की भुंगे निघणार, म्हणून त्याच्या आत काय ते ठरवायचं. सापळ्यासाठी सालाची झाडं पाडायची, ओंडक्यांची साल ठेचायची, रसाच्या वासावर भुंगे लांबून यायचे आणि पिऊन तिथेच झिंगून पडायचे. पहाटे बैगा आदिवासींची बायका-पोरं ते वेचायची, किड्यामागे पैसे मिळायचे. फॉरेस्ट गार्डने सगळ्यांत झिंगलेल्या भुंग्याचं नाव तुझ्यावरून ठेवलं होतं, हे मी वहिनींना अजून सांगितलेलं नाही. वहीच्या बदल्यात सांगणारही नाही.

आणि आपलं भांडण. तू म्हणायचास, पोखरलेलं एक झाड सोडलं तर पुढच्या पावसात त्यातून शेकडो भुंगे निघतील. पावसाच्या आत पाड, बाहेर काढ, दया दाखवू नकोस. मी म्हणायचो, भुसा थोडा असेल आणि राळ जोरात वाहत असेल तर झाड अळीला राळेत बुडवून मारतं, अशी झाडं सोड. आपण झाडांचे प्रकार पाडले होते, हलका मारा ते मेलेलं, सगळं कागदावर व्यवस्थित. आणि जंगलात शेवटी काय उरलं? पाडायच्या झाडावर मारायचा हॅमरचा ठप्पा आहे की नाही. दोनच रकाने. बाहेर लोक ओरडत होते की किड्याच्या नावावर लाकूडवाल्यांची चांदी होते आहे, आत खातं म्हणत होतं की उशीर केलात तर सगळंच जाईल. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. तू मला त्या रात्री म्हणालास, ‘तू झाड वाचवतोस, मी जंगल वाचवतो.’ मी म्हणालो, तू ठेकेदार वाचवतोस. यावर आपण चार महिने बोललो नाही, आणि पाचव्या महिन्यात तू राजीनामा देऊन नाशकात बँकेत. चंदनाचा स्पाइक रोग १८९९ साली कुर्गात दिसला आणि त्याचं कारण १९६९ साली सापडलं, सत्तर वर्षांनी. तू जबलपूरची नोकरी का सोडलीस ते कळायला मला तेवढीच लागतील असं दिसतं. माझ्या त्या वाक्यामुळे सोडलीस का, हे मी आजवर विचारलेलं नाही आणि आताही विचारत नाही. विचारलं असं समज.

पण एक गोष्ट मान्य करायला हवी, तुझ्या म्हणण्यात तथ्य होतं. सालाच्या किड्याचं गणित वेगळंच आहे, अळी आत असताना झाड बाहेर काढलं तर पुढची पिढी थांबते. गुलमोहराची बुरशी उडून चिंचेला लागेल आणि चिंच पडेल असं काही नसतं. तिला मुळावर जखम लागते, ओल लागते, वेळ लागतो. म्हणून इथे एकासाठी दहा पाडायला काहीच आधार नाही. हे मला कळतं. पण तू त्या वेळी ज्या जागी उभा होतास, हातात कागद, दोन्हीकडून लोक, समोर पाऊस, तिथे मी आज पहिल्यांदा एकटा उभा आहे. तेव्हा निदान भांडायला तू होतास.

बाकी कोणाला सांगू? सुमाला सांगितलं. ती म्हणाली, खरं आहे ते लिहा. हे तिचं नेहमीचंच, आणि बरोबरच, पण फॉर्मला खरं लिहायची जागा नाही ना! मुलगा म्हणाला, बाबा, सरळ नकार द्या, तुम्हाला काय पडलंय. सासरे असते तर हसले असते. लग्न ठरवताना त्यांनी विचारलं होतं, ‘झाडं आजारी पडतात, आणि त्यासाठी सरकार पगार देतं?’ शेवटपर्यंत चारचौघांत माझी ओळख ‘बुरशीवाले जावई’ अशीच करून दिली. आणि त्यांच्या कढीपत्त्यावर औषध सांगितलं तेवढीच माझी विद्या त्यांना पटली. आमदारापासून कामवालीपर्यंत सगळ्यांनी मला कढीपत्ताच दाखवला रे. जंगल कोणी दाखवलं नाही.

मग मी काय केलं ते ऐक. फॉर्मवर खूणच केली नाही. स्थितीच्या रकान्यात ‘सोबतचा तपशील पाहा’ असं लिहिलं आणि प्रत्येक झाडाला वेगळं पान जोडतो आहे: भिंत किती, मुळं कुठे कापली, कोणती फांदी उतरवायची, काँक्रीट किती फोडून माती मोकळी करायची. ‘रोगट’ हा शब्द कुठेच नाही. गुलमोहराचं पत्र स्वतंत्र, वेगळ्या तारखेचं, वेगळ्या जावक क्रमांकाने, म्हणजे कोणाला एकाच ठरावात घुसवता येणार नाही. त्यात शेवटी लिहिलं की हा रोग नाली खणल्याने आला, आणि रुंदीकरणात उरलेल्यांची मुळं तशीच कापलीत तर पाच-सहा वर्षांनी हाच फॉर्म घेऊन पुन्हा याल. पोरगा वाचून म्हणाला, “सर, हे शेवटचं काढता येईल का?” मी म्हटलं, नाही. तो हसला आणि म्हणाला, मग साहेब हे फाइललाच लावणार नाहीत.

लावणार नाहीत, मला माहीत आहे. म्हणून वही हवी. तिच्यात त्या उतारावरच्या प्लॉटची झाडं आहेत, माझ्या लाल शाईतली, ‘राळ चांगली, सोडा’ अशी. न्यायालय-समित्यांच्या गोंधळात त्या पट्ट्यात करवत पोचली नव्हती, आपण दोघांनी पाहिलं आहे. नंबर सापडले तर मी पावसानंतर जाऊन बघतो, कोणती उभी आहेत. लाल जास्त निघाली की निळी, हे त्या साहेबांना दाखवून उपयोग नाही, पण मला पाहायचं आहे. तुलाही पाहायचं असणार, उगाच भाव खाऊ नकोस.

तुझं काय? बागेत द्राक्षांवर यंदा डाऊनी रोग कितपत? मधू म्हणत होता, तू फवारणी करताना पोरांना माझ्या नावाने शिव्या देतोस. धाकटीचं पुण्यात जमलं का? लग्न काढलंस तर थंडीत काढ. गुडघा. वहिनींना नमस्कार, बापूला सांग त्याची थर्मास माझ्याकडेच आहे.

गुलमोहर रविवारी उतरवणार असं ठरलं आहे. मी जातो आहे. त्या बाईंनाही बोलावलं आहे, येतील की नाही माहीत नाही. बुंध्याची एक चकती मला द्या असं ठेकेदाराला सांगून ठेवलं. आता पैज: मी म्हणतो रस्त्याच्या बाजूला भरीव लाकूड चार बोटंही निघणार नाही. तू नेहमीप्रमाणे उलटं बोल आणि आकडा कळव. शनिवारच्या आत, नंतरचा धरणार नाही.

तुझा,
नान्या

ता. क. बेदाणे पाठवलेस तर सुमाच्या हाती पडतील आणि साखरेच्या नावाखाली तीच संपवेल. वहीच्या पार्सलमध्ये मधोमध घाल.